मदेइरातील लेवादा वाटा

मदेइरातील लेवादा वाटा म्हणजे अटलांटिक महासागरातील मदेइरा या पोर्तुगीज बेटावर पाण्याच्या पाटांच्या काठाने गेलेल्या पायवाटा होत. या पाटांना पोर्तुगीज भाषेत ‘लेवादा’ असे म्हणतात. बेटाच्या ओल्या उत्तर भागातील पाणी कोरड्या दक्षिण भागातील शेतीपर्यंत नेण्यासाठी पंधराव्या शतकापासून हे पाट बांधले गेले. पाटाची राखण व दुरुस्ती करणाऱ्या माणसांना चालता यावे म्हणून काठाने एक अरुंद वाट ठेवलेली असे. तीच वाट पुढे पर्यटकांची झाली. डोंगराळ बेटावर फारशी चढउतार न करता घनदाट अरण्य, खोल दऱ्या व धबधबे यांच्यापर्यंत पोहोचवणाऱ्या या वाटा आज मदेइराचे एक मुख्य आकर्षण मानल्या जातात. पाट मात्र निवृत्त झालेले नाहीत. त्यांतील पाण्यावर आजही शेती होते, वीज निर्माण होते आणि गावांची तहान भागते. या वाटांचे सौंदर्य आणि त्यांच्यापुढील प्रश्न, दोन्ही समजून घेताना ही गोष्ट ध्यानात ठेवावी लागते.

नाव

‘लेवादा’ हा शब्द ‘नेणे, वाहून नेणे’ या अर्थाच्या ‘लेवार’ या पोर्तुगीज क्रियापदापासून आला आहे. मराठीतील ‘पाट’ हा शब्द त्याला बराच जवळचा आहे. पाटावर लक्ष ठेवून पाणी सोडणाऱ्या माणसाला मदेइरात ‘लेवादेइरो’ म्हणतात. त्याचे काम महाराष्ट्रातील पाटकऱ्याच्या कामासारखेच असते. पाट नसलेल्या साध्या डोंगरवाटेला ‘वेरेदा’ आणि मोटाररस्ते होण्यापूर्वीच्या, गावांना जोडणाऱ्या जुन्या फरसबंदी मार्गाला ‘कामिन्यो रेआल’ म्हणजे ‘राजमार्ग’ असे नाव आहे. पर्यटकांच्या बोलण्यात या तिन्हींची सरमिसळ होते. परंतु त्यांचे मूळ प्रयोजन वेगवेगळे आहे.

‘मदेइरा’ या शब्दाचा अर्थ ‘लाकूड’ असा होतो. पोर्तुगीज दर्यावर्दी येथे आले तेव्हा सारे बेट अरण्याने झाकलेले होते, त्यावरून हे नाव पडले.

भौगोलिक पार्श्वभूमी

मदेइरा द्वीपसमूह लिस्बनच्या नैर्ऋत्येस सुमारे १,००० किमी अंतरावर आहे. त्यात मदेइरा व पोर्तो सांतो ही वस्तीची बेटे असून देझेर्तास व सेल्वाजेन्स हे निर्जन बेटांचे समूह आहेत. १९७६ पासून हा पोर्तुगालचा स्वायत्त प्रदेश आहे. मुख्य बेट पूर्व-पश्चिम सुमारे ५७ किमी लांब व २२ किमी रुंद असून त्याचे क्षेत्रफळ सुमारे ७४० चौ. किमी आहे. राजधानी फुंशाल दक्षिण किनाऱ्यावर वसली आहे.

हे बेट ज्वालामुखीपासून बनलेले आहे. मध्यभागी पूर्व-पश्चिम पसरलेल्या डोंगररांगेत पिको रुइवो (१,८६२ मी.) हे सर्वोच्च शिखर असून पिको दो आरिएरो (१,८१८ मी.) हेही प्रसिद्ध आहे. पश्चिमेस पॉल दा सेरा हे उंच पठार आहे. सपाट जमीन अत्यल्प आहे. किनाऱ्यावर ठिकठिकाणी कडे सरळ समुद्रात उतरतात. दक्षिण किनाऱ्यावरील काबो जिराओ हा कडा सुमारे ५८० मी. उंच आहे.

ईशान्येकडून येणारे व्यापारी वारे समुद्रावरील बाष्प घेऊन उत्तरेच्या उतारांवर आदळतात. त्यामुळे उत्तरेस पाऊस व धुके भरपूर असते. दक्षिणेच्या वाट्याला ऊन अधिक आणि पाऊस कमी येतो. आपल्याकडे सह्याद्रीच्या एका अंगास कोकण व दुसऱ्या अंगास माणदेश असावा, तसा हा प्रकार आहे. मात्र येथे हे सारे अवघ्या वीस-बावीस किलोमीटरांच्या रुंदीत सामावलेले आहे. पिकाला लागणारी ऊब दक्षिणेस आणि पाणी उत्तरेस, ही बेटाची मूळ अडचण होती. लेवादा हे त्या अडचणीला माणसाने दिलेले उत्तर होय.

इतिहास

पोर्तुगीज दर्यावर्दी १४१८ मध्ये पोर्तो सांतोला आणि १४१९ मध्ये मदेइराला पोहोचले. झोआओ गोन्साल्विस झार्को व त्रिस्ताओ वाझ तेइशेइरा यांची नावे या शोधाशी जोडलेली आहेत. त्यानंतर लवकरच वसाहत सुरू झाली. अरण्य तोडून व जाळून जमीन मोकळी करण्यात आली, उतारांवर दगडी बांध घालून पायऱ्यापायऱ्यांची शेते तयार करण्यात आली आणि ऊस लावला गेला. उसाला पाणी हवे आणि साखरेच्या घाण्यांनाही पाणी हवे, म्हणून पाट खोदणे अपरिहार्य झाले. पंधराव्या शतकाच्या उत्तरार्धात मदेइराची साखर युरोपच्या बाजारपेठांत पोहोचली. फुंशालच्या मानचिन्हावर आजही साखरेच्या पाच ढेपा आहेत.

या समृद्धीची किंमत मोठी होती. उसाच्या मळ्यांत आणि पाटांच्या कामावर कानरी बेटांतून व आफ्रिकेतून आणलेल्या गुलामांना राबवले गेले. तुटलेल्या कड्यांवर पाट कोरताना मजुरांना दोरांनी बांधलेल्या टोपल्यांतून खाली सोडत. हाती साधी अवजारे असत. या कामात अनेकांचे प्राण गेले. आज ज्या कठड्यावरून पर्यटक दरी न्याहाळतो, तो अशा अनाम माणसांनी कोरलेला आहे.

सोळाव्या शतकात ब्राझीलच्या साखरेपुढे मदेइराची साखर टिकली नाही आणि तिची जागा हळूहळू द्राक्षमळ्यांनी घेतली. पिके बदलली तरी पाटांची गरज कायम राहिली. आरंभीचे पाट जमीनदारांनी किंवा शेतकऱ्यांच्या गटांनी आपापल्या खर्चाने बांधले होते. एकोणिसाव्या शतकात राज्यसंस्थेने या कामात लक्ष घातले. पश्चिमेकडील राबासाल खोऱ्यातील झऱ्यांचे पाणी दक्षिणेस नेणाऱ्या पाटाचे काम १८३५ मध्ये सुरू झाले व ते पूर्ण होण्यास पंचवीस वर्षे लागली.

विसाव्या शतकाच्या मध्यास सिंचन व जलविद्युत यांची सांगड घालणारी मोठी योजना सरकारने हाती घेतली. उंचावरून आणलेले पाणी प्रथम वीजकेंद्रात सोडावे आणि तेथून पुढे ते शेतांकडे वळवावे, असे तिचे सूत्र होते. १९५२ मध्ये ‘लेवादा दो नोर्ते’ म्हणजे उत्तरेचा पाट आणि १९६६ मध्ये ‘लेवादा दोस तोर्नोस’ कार्यान्वित झाला. या दोन्हींमुळे मधली डोंगररांग बोगद्यांनी ओलांडून उत्तरेचे पाणी दक्षिणेच्या शेतांपर्यंत येऊ लागले.

रचना व पाणीवाटप

धुके व पावसाचे पाणी सच्छिद्र खडकातून झिरपत जाते आणि खालच्या अभेद्य थरावर अडून झऱ्यांच्या रूपाने बाहेर पडते. अनेक मोठे पाट अशा झऱ्यांपाशी सुरू होतात. तेथून डोंगराच्या वळणावळणाने, अगदी थोडा उतार राखत ते पुढे जातात. उतार अधिक ठेवला तर पाणी वेगाने वाहून काठ झिजवते आणि उंचीही वाया जाते; कमी ठेवला तर गाळ साचतो. सतराव्या-अठराव्या शतकांतील कारागिरांनी हे गणित कड्यांवर प्रत्यक्षात साधले, हे विशेष होय.

पाट साधारणतः अर्धा ते एक मीटर रुंद व सुमारे अर्धा मीटर खोल असतो. जुने पाट खडकात कोरलेले किंवा दगडी बांधणीचे असून नंतरच्या पाटांना सिमेंटचा वापर झाला आहे. सर्व लहानमोठे पाट धरल्यास त्यांची एकूण लांबी २,००० किमीहून अधिक भरते. मोजणीच्या पद्धतीनुसार हा आकडा बदलतो. त्यांपैकी सुमारे ४० किमी लांबी बोगद्यांतून जाते.

पाण्याचे वाटप ‘जिरो’ म्हणजे पाळीने होते. प्रत्येक शेतकऱ्याला ठराविक दिवसांच्या अंतराने ठराविक वेळ पाणी मिळते. पाळी रात्री आली तर कंदील घेऊन शेतावर जावे लागे. पाळी चुकू न देणे, दारे उघडणे व बंद करणे, पाटात पडलेला पालापाचोळा व दरडीची माती काढणे ही लेवादेइरोची कामे होत. मदेइरात पाण्याचा हक्क हा जमिनीच्या मालकीहून वेगळा मानला जाई. तो विकता किंवा भाड्याने देता येई. खासगी पाटांच्या भागीदारांना ‘एरेउस’ म्हणतात. आज बहुतेक मोठे पाट प्रादेशिक सार्वजनिक कंपनीकडे आहेत. काही पाट मात्र अजून भागीदारांच्या मालकीचे आहेत.

खानदेशातील पांझरा व मोसम नद्यांवरील फड पद्धतीत पाटकरी व पाणीपाळी यांची व्यवस्था गावाने मिळून केलेली आढळते. गोव्यातील कुळागरांतही झऱ्याचे पाणी पाटाने सुपारी-नारळाच्या बागांत खेळवले जाते. या पद्धतींचा लेवादांशी ऐतिहासिक संबंध नाही. उतारावरचे पाणी सर्वांना पुरवून वापरायचे, या समान गरजेतून आलेले ते साम्य आहे.

वाटांचे वर्गीकरण व खुणा

सर्वच पाटांच्या काठाने पर्यटकांना जाता येत नाही. सुरक्षिततेच्या दृष्टीने निवडलेल्या वाटांना ‘शिफारस केलेली पायवाट’ या अर्थाच्या पोर्तुगीज शब्दांची ‘पीआर’ ही आद्याक्षरे व क्रमांक दिलेले असतात. त्यांत लेवादांबरोबर वेरेदा आणि जुने राजमार्गही येतात. वाटेवर पिवळ्या व तांबड्या रंगाचे दोन समांतर पट्टे दिसले तर वाट योग्य आहे असे समजावे. याच रंगांची फुली चुकीची दिशा दर्शवते आणि वळलेले पट्टे वळण सुचवतात. वाट खुली आहे की बंद, हे प्रदेशाची वन व निसर्गसंवर्धन संस्था जाहीर करते.

प्रमुख वाटा

काल्देइराव व्हेर्दे (पीआर ९): सांतानाजवळील केइमादास उद्यानातून सुरू होणारी ही वाट सुमारे ६.५ किमी लांब असून त्याच वाटेने परतावे लागते. अठराव्या शतकात बांधलेल्या पाटाच्या काठाने ती अरण्यातून व चार बोगद्यांतून जाते. शेवटी सुमारे १०० मी. उंचीचा धबधबा हिरव्या डोहात कोसळतो. ‘काल्देइराव व्हेर्दे’ म्हणजे ‘हिरवी कढई’. लेवादा वाटेचे सारे गुणधर्म एकत्र पाहायचे असतील तर ही वाट उत्तम नमुना आहे.

पंचवीस झरे (पीआर ६) व रिस्को (पीआर ६.१): या दोन्ही वाटा पॉल दा सेरा पठाराखालच्या राबासाल खोऱ्यात आहेत. पहिली वाट अनेक झरे एकत्र कोसळणाऱ्या डोहापर्यंत नेते. रिस्कोची वाट आखूड व सोपी असून उंच धबधब्यासमोर संपते. या खोऱ्यात पर्यटकांची सर्वाधिक गर्दी होते. अरुंद काठावर समोरासमोर आलेल्यांना एकमेकांसाठी थांबावे लागते.

फुरादो (पीआर १०): रिबेइरो फ्रिओ येथून पोर्तेलापर्यंत सुमारे ११ किमीची ही वाट आहे. बहुतांश मार्ग दाट अरण्यातून जातो आणि अखेरीस उतरून पूर्व भागातील शेते नजरेस पडतात. आरंभ व शेवट वेगवेगळ्या ठिकाणी असल्याने परतीच्या वाहनाची सोय आधी करावी लागते.

बालकोइंश (पीआर ११): रिबेइरो फ्रिओपासूनच निघणारी सुमारे १.५ किमीची ही वाट लहान मुले व वृद्ध यांनाही झेपते. तिच्या टोकाच्या सज्जावरून आकाश निरभ्र असल्यास मध्यवर्ती शिखरे आणि उत्तर किनारा दिसतो.

लेवादा दो रेइ (पीआर १८): ‘राजाचा पाट’ असा या नावाचा अर्थ आहे. उत्तर किनाऱ्यावरील साओ जोर्जे परिसरातून सुमारे ५ किमी आत ओढ्यापर्यंत ती जाते. याच पाटाच्या पाण्यावर गावातील जुनी पाणचक्की चालते.

लेवादा दो नोर्ते: काबो जिराओजवळच्या भागात हा पाट द्राक्षमळे, भाजीची वाफे व घरांची अंगणे यांमधून जातो. येथे अरण्य नाही. पाण्याचा उपयोग मात्र प्रत्यक्ष दिसतो.

वेरेदा दो आरिएरो (पीआर १): ही पाटाकाठची वाट नव्हे. पिको दो आरिएरो ते पिको रुइवो अशी सुमारे ७ किमीची ही शिखरवाट असून तिच्यावर खडकात कोरलेल्या पायऱ्या, बोगदे व तीव्र चढउतार आहेत. पिको रुइवोला आशादा दो तेइशेइरा येथून (पीआर १.२) सुमारे २.८ किमीच्या सोप्या वाटेनेही जाता येते.

साओ लोरेन्सो भूशिर (पीआर ८): बेटाच्या पूर्व टोकाकडे जाणारी ही वाट मदेइराचे अगदी वेगळे रूप दाखवते. येथे झाडे जवळजवळ नाहीत. तांबड्या-पिवळ्या खडकांचे थर, दोन्ही बाजूंना समुद्र आणि दूरवर देझेर्तास बेटे असे येथील दृश्य आहे. सावली व पाणी नसल्याने उन्हाचा त्रास होऊ शकतो.

पिको ब्रांको (पोर्तो सांतो): शेजारच्या पोर्तो सांतो बेटावरील ही सुमारे २.७ किमीची वाट आहे. हे बेट कोरडे असून सुमारे ९ किमी लांबीच्या वाळूच्या किनाऱ्यासाठी ते अधिक प्रसिद्ध आहे.

वनस्पती व प्राणी

उत्तरेकडील वाटा ज्या अरण्यातून जातात त्याला ‘लॉरिसिल्व्हा’ म्हणतात. लाखो वर्षांपूर्वी दक्षिण युरोपात पसरलेल्या अशाच जंगलाचा हा अवशेष आहे. सुमारे १५,००० हेक्टरांवरील या अरण्याला युनेस्कोने १९९९ मध्ये जागतिक वारसास्थळाचा दर्जा दिला. मराठी वाचकांच्या परिचयातील दालचिनी व तमालपत्र ज्या कुळातील आहेत, त्याच कुळातील तिल, विन्यातिको, लोरेइरो व बार्बुझानो हे येथील प्रमुख वृक्ष होत. विन्यातिकोच्या शास्त्रीय नावात ‘इंडिका’ हा शब्द असला तरी तो भारतातील वृक्ष नाही.

ही झाडे केवळ शोभेची नाहीत. वाऱ्याबरोबर येणाऱ्या धुक्यातील थेंब त्यांच्या पानांवर जमतात व जमिनीवर ठिबकतात. पाऊस नसतानाही जमिनीला पाणी मिळते, ते असे. म्हणजेच झऱ्याचे आणि पर्यायाने पाटाचे पाणी या अरण्यावर अवलंबून आहे.

अरण्यात मदेइराचे रानकबूतर व चिमुकला मदेइरा फायरक्रेस्ट हे केवळ याच बेटावर आढळणारे पक्षी दिसतात. पिको दो आरिएरोच्या परिसरातील कड्यांवर झिनोज पेट्रेल हा अत्यंत दुर्मीळ समुद्रपक्षी बिळांत घरटी करतो. बेटावर साप नाहीत. वटवाघळे सोडता मूळचे सस्तन भूचर प्राणीही नाहीत. पाटांच्या काठाने दिसणारी निळी हायड्रेंजिया व अगापांथस ही फुलझाडे मात्र बाहेरून आणून लावलेली आहेत.

धोके व खबरदारी

पाटाला चढ नसतो, म्हणून वाट सोपी असते, हा समज घातक ठरतो. काठ काही ठिकाणी जेमतेम पाऊलभर रुंद असून एका बाजूस पाणी व दुसऱ्या बाजूस खोल दरी असते. तारेचे कठडे सर्वत्र नाहीत. दगड शेवाळाने निसरडे होतात. बोगदे अंधारे व ठेंगणे असल्याने विजेरी लागते व डोक्याला मार बसण्याची शक्यता असते. छायाचित्र घेताना तोल जाऊन अपघात झाले आहेत. चालताना पाहू नये आणि पाहायचे तर थांबावे, हा नियम येथे फार उपयोगी पडतो.

किनाऱ्यावर लख्ख ऊन असताना डोंगरात धुके व पाऊस असू शकतो. पावसानंतर ओढे अचानक फुगतात व दरडी कोसळतात. २० फेब्रुवारी २०१० रोजी झालेल्या अतिवृष्टीत पूर व दरडींमुळे बेटावर चाळीसहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली. त्यामुळे बंद केलेल्या वाटेवर जाणे हे धाडस नसून अविचार ठरतो. निसरड्या दगडावर पकड घेणारी पादत्राणे, पावसाळी अंगरखा, पिण्याचे पाणी व दिवस मावळण्याआधी परतण्याचा हिशेब या किमान गोष्टी होत. उंचीची भीती असणाऱ्यांनी बालकोइंशसारख्या रुंद वाटा निवडाव्यात.

संवर्धन व सद्यःस्थिती

मदेइराच्या लेवादा पोर्तुगालने जागतिक वारशासाठीच्या आपल्या संभाव्य यादीत समाविष्ट केल्या आहेत. त्यांच्यापुढे आज तीन प्रश्न आहेत.

पहिला प्रश्न आगीचा आहे. ऑगस्ट २०२४ मध्ये सेरा दे आग्वा भागात लागलेला वणवा मध्यवर्ती डोंगरांत पसरला. त्यात ५,००० हेक्टरांहून अधिक क्षेत्र जळाले आणि आरिएरो-रुइवो शिखरवाट बंद करावी लागली. त्याआधी २०१० च्या वणव्यात झिनोज पेट्रेलची अनेक पिले मेली होती. वणव्यानंतर उघडे पडलेले उतार पुढील पावसात ढासळतात, त्यामुळे आगीचा परिणाम पाटांनाही भोगावा लागतो.

दुसरा प्रश्न गर्दीचा आहे. थोड्या प्रसिद्ध वाटांवर फार माणसे येतात. काठ झिजणे, कचरा व वाहनांची कोंडी हे त्याचे परिणाम होत. यावर उपाय म्हणून पर्यटकांसाठी वर्गीकृत वाटांवर प्रवेशशुल्क सुरू करण्यात आले असून त्याची रक्कम व नियम वेळोवेळी बदलतात.

तिसरा प्रश्न तितकासा डोळ्यांत भरत नाही. पायऱ्यांच्या शेतांवर यंत्रे चालत नाहीत आणि तरुण पिढी शेतीकडून इतर व्यवसायांकडे, विशेषतः पर्यटनाकडे वळत आहे. शेत पडीक झाले की त्याला पाणी देणारा लहान पाट बुजतो. त्याची साफसफाई थांबली की काठाची वाटही ढासळते. पर्यटक ज्या वाटेसाठी येतो ती वाट पाटामुळे टिकली आहे आणि पाट पाण्याची गरज असणाऱ्या शेतकऱ्यामुळे टिकला आहे. म्हणून या वाटांचे जतन हे केवळ कठडे व फलक लावण्याचे काम ठरत नाही. वरचे अरण्य आणि खालची शेती ही दोन्ही टोके जिवंत ठेवण्याचे ते काम आहे. पाटात दगड न टाकणे, पाणी न गढूळणे आणि फावडे घेऊन समोरून येणाऱ्या लेवादेइरोला आधी वाट देणे, एवढे तर या वाटेवरून चालणारा प्रत्येकजण करू शकतो.